आपल्या वाट्याची खतं

वकीलबाई : काका, देव आहे की नाही या वादात मला पडायचंच नाही. आहे असं धरून चालू. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, आणि कोर्टात तो पहिल्याच तारखेला विचारतात : वकीलपत्र कुठाय? तुम्ही दर संकष्टीला सरोजिनी नगरच्या विनायक मंदिरात जाता, झालं-गेलं पोटात घाल म्हणता, आणि तुमच्या समजुतीप्रमाणे तिथं काहीतरी मिटतं. पण ज्याचं नुकसान झालं तो माणूस तिथं नसतो. त्याला नोटीस नाही, त्याचं म्हणणं कुणी ऐकलेलं नाही. दोघांनी बसायचं आणि तिसऱ्याचं येणं माफ करून टाकायचं, याला आमच्याकडे फसवणूक म्हणतात आणि तुमच्याकडे कृपा. मोठं मन दाखवायला देवाचं काय जातं? पदरचं काही गेलेलं नाही. हा अधिकार त्याला दिला कुणी?

भाविक : तू तिसरा माणूस म्हणतेस, तर तो कोण ते आधी सांगून टाकतो. नाहीतर आपण नुसतं हवेत बोलत राहू. मी इथं दिल्लीत मिनिस्ट्रीत सेक्शनला होतो तेव्हाची गोष्ट. आमच्याकडचा एक मराठी ड्रायव्हर नोकरीत असताना वारला. बायकोच्या फॅमिली पेन्शनचं प्रकरण माझ्या टेबलावर आलं. सर्व्हिस बुकात बायकोचं नाव एक आणि तिच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरंच. का, ते तुला सांगायला नको. लग्नात नाव बदललेलं. नवऱ्यानं सासरचं लिहिलं होतं, दाखल्यावर माहेरचं राहिलं. अख्ख्या सेक्शनमध्ये ही रीत ठाऊक असलेला मी एकटा. हिरव्या नोटशीटवर चार ओळी लिहायच्या, एक अ‍ॅफिडेव्हिट मागून घ्यायचं, विषय संपला असता. मी लिहिलं, नावात तफावत आहे, खुलासा मागवावा. खुलासा आला तर तो तलाठ्याचा होता, तहसीलदाराचा नव्हता, म्हणून पुन्हा क्वेरी. मग वरून 'चर्चा करावी' असा शेरा मारून फाइल खाली आली. मी चर्चेला गेलोच नाही. लाच मागितली नाही, वैर तर नव्हतंच. साहेब ऑडिटला भ्यायचे, मी साहेबांना भ्यायचो, आणि न सरकलेल्या फायलीबद्दल कुणालाच कधी मेमो मिळत नाही. एका रविवारी ती बाई पत्ता विचारत विचारत आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरवर आली. मराठी माणूस आहे, समजून घेईल, या आशेनं आली असणार. मी तिला जिन्यातच गाठलं आणि सांगितलं, ऑफिसात या. आत ये म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. घरात पाहुणे होते, एवढंच कारण. पुढं माझी बदली झाली. माझ्या जागी आलेल्या माणसानं ऑर्डर काढली, पण ती निघाली तेव्हा बाई गावाकडं गेलेलीच नव्हे, वारलेलीही होती. आता सांग, क्षमा कुणाकडं मागू?

वकीलबाई : तुम्ही सांगितलंत म्हणून जास्तच कठोर बोलावं लागेल, राग मानू नका. क्षमा मागायला माणूस उरला नाही ही तुमची अडचण खरी आहे. पण कर्ज देणारा वारला की कर्जदाराची अडचण होते आणि सोयही. तुम्ही अडचणीबद्दल बोलताय, मी सोयीबद्दल विचारतेय. तुमच्याच घरातला दाखला घ्या. तुकोबांची घरची महाजनकी आणि सावकारी. १६२९-३० च्या दुष्काळानं बायको नेली, मुलगा नेला, व्यापार बसला. मग विरक्ती आली आणि त्यांनी लोकांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. ही गोष्ट आपण सगळे सांगतो, पण तिचा पहिला भाग गाळून सांगतो. परंपरा म्हणते की त्यांनी आधी धाकट्या भावाशी, कान्होबाशी, वाटणी केली. निम्मी खतं त्याची त्याला दिली आणि उरलेली, आपल्या वाट्याची तेवढीच, पाण्यात सोडली. एवढा मोठा माणूस, एवढा कळवळा, पण भावाच्या वाट्याचा एक कागद त्यांनी बुडवला नाही. कारण तो त्यांचा नव्हता. दया कितीही दाटून आली तरी दुसऱ्याच्या हक्काचं सोडून द्यायचा आपल्याला अधिकार नाही, हे देहूच्या वाण्याला कळत होतं. तुमच्या देवाला कळतं का?

आणि हे आपल्याकडेच आहे असंही नाही. बायबलात दावीद राजा आहे. त्यानं उरिया नावाच्या आपल्याच सैनिकाची बायको भोगली आणि भानगड बाहेर पडू नये म्हणून उरियाला लढाईत सर्वांत पुढं उभं करून मारवलं. नंतर पश्चात्ताप झाला. एक्कावन्नावं स्तोत्र या प्रसंगाचं मानतात आणि जगभरचे ख्रिस्ती लोक ते कबुलीसाठी म्हणतात. त्यात राजा देवाला काय सांगतो? मी फक्त तुझाच अपराधी आहे. फक्त तुझा! मेलेल्या उरियाचं तिथं नावही नाही. पाप देवाशी जोडलं की माणूस कसा अलगद चित्रातून बाहेर पडतो, त्याचा याहून चोख नमुना मला तरी माहीत नाही.

भाविक : दावीदाची गोष्ट अर्धी सांगितलीस. त्याला कबुली सुचली ती आपोआप नाही. नाथान नावाचा संदेष्टा दरबारात येऊन तोंडावर सांगतो, तो माणूस तूच. मग राजा कोसळतो. आणि क्षमा झाली असं सांगून गोष्ट तिथं थांबत नाही. मूल मरतं, पुढं पोटचा मुलगा उलटतो, घराची वाताहत होते. क्षमा मिळाली म्हणून हिशेब फाडला असं त्या पुस्तकात कुठंही नाही. मात्र उरियाचं नाव स्तोत्रात नाही, हा तुझा मुद्दा मला खोडता येत नाही. तो तसाच राहू दे.

तुकोबांचं म्हणशील तर माझा प्रश्न वेगळा आहे. ज्यानं आपलं सगळं येणं सोडून दिलं, त्यालाच आपण सर्वांत मोठे अपराधी आहोत असं का वाटत राहिलं? गाथ्यात स्वतःला दूषणं देणारे अभंग किती आहेत बघ. कुणाला लुबाडलेलं नाही, उलट दिलेलं आहे, तरी हा माणूस देवाच्या दारात नादारासारखा उभा. म्हणजे माणसामाणसांतला हिशेब पुरा झाला तरी काहीतरी शिल्लक राहतं. तू ज्याला अपराध म्हणतेस त्याला बाजू दोन असतात, तू आणि मी. मी ज्याला पाप म्हणतो त्यात आणखी एक गोष्ट आहे : मी कसा झालो. ती बाई जिवंत असती, आली असती आणि म्हणाली असती, जाऊ द्या साहेब, तरी जिन्यात उभं राहून पाणी न विचारणारा माणूस माझ्यात उरलाच असता. त्याचं काय करायचं ते तिच्या हातात नव्हतं. तिथं मला देव लागतो.

वकीलबाई : पण मग तुम्हीच मध्यभागी आलात की! माझा आत्मा, माझी शुद्धी, मी कसा झालो. बाई गेली आणि तिच्या मरणातून तुम्हाला साधना मिळाली. रेव्हरंड टिळकांचं बघा. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. देव सापडला, करुणा सापडली, पुढं मराठी ख्रिस्ती मंडळींना गायला भजनं मिळाली. सगळं खरं. पण त्यात बायकोची संमती नव्हती. त्या काळात नवरा बाटला म्हणजे बाईचं काय होतं? ना सधवा, ना विधवा. लहान मूल पदरात घेऊन लक्ष्मीबाईंनी साधारण पाच वर्षं त्या अधांतरात काढली. टिळकांवर कृपा झाली, तिचं बिल लक्ष्मीबाईंनी भरलं. आणि तेव्हाच्या कुणाही धर्मगुरूला, इकडच्या किंवा तिकडच्या, यात टिळकांचं काही देणं लागतं असं वाटल्याचं दिसत नाही.

भाविक : लक्ष्मीबाईंचं नाव तू काढलंस हे बरं झालं, कारण माझं म्हणणं टिळकांच्या कवितेपेक्षा बाईंच्या आत्मकथेत, 'स्मृतिचित्रे'त, जास्त चांगलं दिसतं. ते पुस्तक १९३४ पासून यायला लागलं, टिळक जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. मेलेल्या नवऱ्याबद्दल, तोही नामांकित कवी, बाई लिहितेय. झाकपाक करायला पूर्ण मोकळीक होती. तिनं काय केलं? एक चूक सोडली नाही. त्यांचा संताप, विसराळूपणा, घरात दाणा नसताना दुसऱ्याला देऊन मोकळं होणं, आपल्याला टाकून जाणं, सगळं नोंदवलं आणि आपल्याला हसवत हसवत नोंदवलं. त्या पुस्तकात सूड नाही आणि सूटही नाही. हिशेब उघडा ठेवून संबंध न तोडणं, हे माणसाला जमतं याचा मराठीतला सर्वांत मोठा पुरावा मी त्या पुस्तकाला मानतो. देवाची दया म्हणजे मला काहीसं तसंच वाटतं. तो विसरत नाही. सगळं आठवत असताना दार लावत नाही.

शिवाय ज्यांना माणसांनी दारच लावून घेतलं होतं, त्यांच्याकडूनही हा विषय बघ. चोखोबांना पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकायची सोय नव्हती. मंगळवेढ्याची कान्होपात्रा गणिकेच्या पोटची. पंडिता रमाबाई तर शास्त्रं कोळून प्यालेल्या. कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलं, आणि त्याच कलकत्त्यात धर्मशास्त्रं वाचताना त्यांना कळलं की स्त्रीला तिच्या स्त्रीपणीच मोक्षाची वाट नाही, ती मुळातच पापाची. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं धर्म मिळाला, तारणारा मिळाला नाही, असं त्यांचं त्यांनाच वाटत राहिलं. ते मिळाल्यावर बाईंनी काय केलं? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, टाकलेल्या मुली गोळा केल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं केलं. या सगळ्यांना तुझं कोर्ट काय देणार होतं? कायदा त्यांच्या विरुद्धच लिहिलेला होता. कायद्याच्या वर कुणी दयाळू आहे, एवढ्याच आधारावर ती माणसं उभी राहिली.

वकीलबाई : इथं मात्र तुम्ही दोन निराळ्या रांगा एक करताय. चोखोबांनी कुणाचं काय केलं होतं? रमाबाईंनी कुणाची फाइल अडवली होती? त्यांना पापी ठरवलं ते दुसऱ्यांनी. १९३१ साली रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांनी पतितपावन मंदिर बांधलं, सावरकरांनी तिथं सगळ्या जातींना आत घेतलं. आत गेली ती माणसं पतित नव्हती, बाहेर ठेवणारे होते. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना देवाची दया लागली तर मी वाकून नमस्कार करते. पण त्याच रांगेत, त्यांच्याच पाठीमागं, त्यांच्यावर अन्याय करणारा येऊन उभा राहतो आणि म्हणतो, मीही पतित, मलाही तीच दया. संतांच्या नावावर हा माणूस शतकानुशतकं फुकट प्रवास करतोय. काका, तुम्ही चोखोबांच्या रांगेत उभे राहू नका. तुमची रांग वेगळी आहे.

खरं सांगू? तुमच्या भक्तीपेक्षा मला जुनं धर्मशास्त्र जास्त प्रामाणिक वाटतं. हसू नका. महामहोपाध्याय काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड मी चाळलाय, १९५३ चा, पातक आणि प्रायश्चित्ताचा. याच खंडाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच सुमारास काणे राज्यसभेचे सदस्य म्हणून इथं दिल्लीत येत होते. मनुस्मृतीशी माझं भांडण मोठं आहे, पण तिच्या अकराव्या अध्यायात चोराला प्रायश्चित्त सांगताना एक अट घातली आहे : चोरलेली वस्तू आधी परत कर, मग आपली शुद्धी. आधी परत! हे वाक्य मला कुठल्याही कीर्तनापेक्षा बरं वाटतं. आणि आता सरोजिनी नगर मार्केटमधल्या एक्स्पोर्ट-रिजेक्ट कपड्यांची उपमा देऊन देव डागाळलेला मालसुद्धा उचलतो वगैरे सांगू नका. ऐकून कान किटलेत.

भाविक : नाही देत. शास्त्राचीच गोष्ट करू. त्याच काण्यांच्या खंडात तू पुढं वाचलं असशील. कृच्छ्र झेपत नसेल तर त्याऐवजी गाय द्यावी. गाय नसेल तर गायीची किंमत द्यावी. म्हणजे बारा दिवसांचं व्रत बघता बघता नाण्यांवर आलं. हुंडी देवळानं काढली असं तुला वाटत असेल, पण ती शास्त्रानं आधीच काढली होती. आणि सरकारनंही. २०१८ साली आमच्या सरोजिनी नगरची, नौरोजी नगरची, नेताजी नगरची जुनी क्वार्टरं पाडून टॉवर बांधायचे ठरले तेव्हा हजारो झाडं तोडायची होती. लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, हायकोर्टानं तोड थांबवली. पण कागदावर सगळं आधीच शुद्ध होतं : एक झाड तोडलं की दहा रोपं लावायची, दुसरीकडं कुठंतरी. आमच्या क्वार्टरसमोरच्या कडुनिंबाची सावली शहराच्या टोकावरच्या रोपांनी कशी भरून निघते, ते ज्यानं फाइलवर सही केली त्याला विचार. भरपाई म्हणजे न्याय, असं तुला वाटतं. मी आयुष्यभर भरपाईच्या फायली हाताळल्यात. भरपाईइतकी सोपी पळवाट नाही.

आणि पूर्ण भरपाई केली तर काय होतं, तेही आपल्याला आळंदीनं दाखवलंय. विठ्ठलपंतांचा अपराध काय? संन्यास घेतला आणि गुरूंच्याच आज्ञेवरून परत संसारात आले. ब्रह्मवृंदानं प्रायश्चित्त सांगितलं ते देहान्ताचं. परंपरा सांगते की नवराबायकोनं तेही दिलं, नदीत जीव दिला. यापलीकडं माणसाकडं द्यायला काय असतं? आणि एवढं देऊन मुलांना आत घेतलं का? नाही. शुद्धिपत्र आणा म्हणून पैठणला पिटाळलं. किंमत वसूल करणाऱ्याचं समाधान किमतीनं होत नाही, तो पुढची मागतो. त्या चार पोरांपैकी ज्ञानदेवांनी १२९० मध्ये ग्रंथ पुरा करताना देवाजवळ मागणं मागितलं. दुष्टांना शासन कर असं ते म्हणाले नाहीत. त्यांच्यातला दुष्टपणा तेवढा जावा, इतकंच मागितलं. आईबाप गमावलेल्या मुलाचं हे मागणं आहे.

वकीलबाई : तेच तर! मुलाचं. ज्याचे आईबाप गेले त्याचं. ज्ञानदेवांनी आपल्या वाट्याची खतं बुडवली, तुकोबांसारखीच. तो अधिकार त्यांचा होता आणि त्यांनी तो वापरला, म्हणून तर अंगावर काटा येतो. हेच पसायदान आळंदीच्या धर्मसभेतल्या एखाद्या पंडितानं म्हटलं असतं तर? शब्द तेच, पण ऐकवलं नसतं.

आता तुम्ही राहत होतात त्याच जागेवर या. २९ ऑक्टोबर २००५, शनिवार संध्याकाळ, दिवाळी तीन दिवसांवर. सरोजिनी नगर मार्केटमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती आणि बॉम्ब फुटला. त्याच संध्याकाळी पहाडगंजला फुटला, गोविंदपुरीला बसमध्ये फुटला. तिन्ही ठिकाणी मिळून साठाहून जास्त माणसं गेली, सर्वांत जास्त आपल्या मार्केटात. पुढं खटला चालला आणि १६ फेब्रुवारी २०१७ ला पटियाला हाउस कोर्टात निकाल लागला. दोघे निर्दोष सुटले. अकरा वर्षांहून जास्त काळ आत काढून. तिसऱ्याला बंदी असलेल्या संघटनेशी संबंधाबद्दल दोषी धरलं, पण या स्फोटांबद्दल नाही, आणि त्यानं भोगलेली कैदच पुरेशी ठरली. म्हणजे त्या बॉम्बचा धनी कायद्याच्या दृष्टीनं अजून कुणीच नाही. पण माणूस तर आहे, किंवा होता. समजा, तो आज रात्री आपल्या ईश्वरापुढं ओक्साबोक्शी रडला. मनापासून रडला असंही धरू. तुमचा दयाघन काय करणार? आणि दिवाळीचे कपडे घ्यायला गेलेली मुलगी ज्यांच्या घरी परत आली नाही, त्यांना हे कळवणार का? कुठल्याही गुन्ह्याशिवाय तरुणपण तुरुंगात घालवलेल्या त्या दोघांची माफी कोण मागणार? त्यांच्या वाट्याची खतं कुणाच्या हातात आहेत?

भाविक : यावर पटकन उत्तर देणाऱ्या भाविकावर तू विश्वास ठेवू नकोस. मला नाही म्हणता आलं तर फार बरं होईल. त्या माणसाला दया नाही, माझ्यासारख्या कारकुनाला आहे, अशी रेघ मारली की मी सुरक्षित. पण रेघ कुठं मारायची? मी एका बाईला मरू दिलं, त्यानं कित्येकांना मारलं. माझ्याकडं धमाका नव्हता, नोटशीट होती. दोन्ही सारखं नाही, हे मला कळतं. तरीपण त्याच्यासाठी दार बंद करायचं म्हणतो तेव्हा तो आवाज मला ओळखीचा वाटतो. तो माझाच आहे, जिन्यातला : ऑफिसात या.

मी एवढंच म्हणेन की त्याच्यावर खरोखर कृपा झाली असेल तर तो रडून झोपणार नाही. सकाळी उठून पोलीस ठाण्यात जाईल. बायबलातलाच दुसरा माणूस तुला सांगतो, जक्कय. जकातदारांचा मुखिया. म्हणजे आपल्याच बिरादरीतला, सरकारी वसुलीवाला. येशू गावात आला तेव्हा हा बुटका गर्दीत दिसेना म्हणून झाडावर चढला. येशू म्हणाला, खाली उतर, आज तुझ्याच घरी उतरायचंय. लोक चिडले, पाप्याच्या घरी जातो म्हणून. आणि मग जक्कय म्हणतो, निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलंय त्याला चौपट परत करतो. हा क्रम नीट बघ. तुझा मनू म्हणतो, आधी परत कर, मग आत ये. इथं तो आधी घरी येतो, मग याला परत करायचं सुचतं. कृपेनं देणं फिटत नाही, द्यायची हिंमत येते. माझा सगळा विश्वास या क्रमावर उभा आहे.

वकीलबाई : क्रम सुंदर आहे. मला खरंच आवडला, कारण यात लुबाडलेली माणसं परत चित्रात आली. चौपट मिळालं ते त्यांना, देवळाला नाही. पण मग मी विचारणारच. जक्कय जेवला आणि त्याच बैठकीत उठून बोलला. तुम्ही किती वर्षं जेवताय? त्या बाईला मुलंबाळं होती का?

भाविक : एक मुलगी आहे. लग्न होऊन तिकडंच कुठंतरी दिलेली. मी शोधलं नाही. भीती वाटते. ती काय म्हणेल याची नाही. ती काहीच म्हणणार नाही, तिला मी कोण ते आठवणारही नाही, आणि मला तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, याची.

वकीलबाई : म्हणजे देवाच्या आड लपलात.

भाविक : लपलो. पण देव नसता तर याहून चांगल्या आडोशाला लपलो असतो, तेही ऐक. कितीतरी वर्षं माझी गोष्ट अशी होती : नियमच तसा होता, साहेब भित्रा होता, मी साधा सेक्शनवाला, सिस्टिम आहे ही. हे ऑफिसात सगळ्यांना पटायचं. आजही पटेल, चहा पाजतील वर. ती गोष्ट मला देवासमोर सांगता येईना. तिथं साहेबाचं नाव घेतलं की आपलं आपल्यालाच हसू येतं. पापी आहे म्हणायला मला जे बळ लागलं ते दया मिळेल या भरवशातून आलं. नाहीतर कोण म्हणतो? शिक्षाच होणार असेल तर शहाणा माणूस नाकारतो.

वकीलबाई : नाकारतोच. आम्हीच त्याला शिकवतो. पहिल्या भेटीत अशिलाला सांगायचं असतं, तोंड उघडू नको. माझ्या पेशात कबुली म्हणजे पायावर धोंडा. माणूस खरं बोलला की त्याचं नुकसान होईल, अशीच आमची सगळी मांडणी आहे, आणि मग अपेक्षा करायची की सत्य बाहेर येईल. २००५ च्या खटल्यात काय झालं ते मी सांगितलंच. तेव्हा ज्या जागी खरं बोलल्याबद्दल मार बसत नाही अशी एखादी जागा माणसाला लागते, हे तुमचं म्हणणं मी घेते. ती जागा म्हणजे देव, हे नाही घेत. ती जागा चांगला मित्र असू शकते, लक्ष्मीबाईंसारखी बायको असू शकते. आणि उरियाचा वाटा अजून तिथंच आहे. तुमच्या कबुलीनं तुम्ही मोकळे झालात, तो झाला नाही.

भाविक : मित्राकडं मी गेलो असतो तर तो म्हणाला असता, एवढं काय मनाला लावून घेतोस. देव तसं म्हणत नाही, हा फरक आहे. उरियाच्या वाट्याचं मात्र माझ्याकडं उत्तर नाही. कधीतरी कुठंतरी उरियाला समोर बसवून देव त्याला विचारेल, अशी माझी आशा आहे. ती आशाच आहे. पुरावा मागू नकोस.

वकीलबाई : मागत नाही. दुसरंच विचारते. ऑर्डर निघाली म्हणालात. नवरा वारल्यापासून ती वारेपर्यंतची सगळी थकबाकी तिच्या हक्काची होती. ती गेली म्हणून बुडत नाही, वारसाला मागता येते. ती रक्कम कुणी उचलली का?

भाविक : माहीत नाही. बहुतेक नसावी. अर्ज करायला हवा, हे तिकडं कोण सांगणार?

वकीलबाई : तुम्ही. मसुदा मी करून देत नाही. मी केला तर त्यात तुमची चूक कुठंच दिसणार नाही. कागद तुम्हीच लिहा, ऑर्डरचा नंबर जुन्या सेक्शनमधून काढा आणि त्या मुलीला आधी एवढं कळवा की तिच्या आईचे पैसे सरकारकडं पडून असतील आणि ते का पडून राहिले. माफीचं ती बघेल. तो वाटा तिचा आहे.